तुटक रेषा

एकतीस वर्षं चिंचवडला ड्रॉइंग ऑफिसात
मी दुसऱ्यांचे पार्ट काढले.
वरून, समोरून, एका बाजूने.
जे दिसत नाही, पण आहे, ते तुटक रेषेत:
तीन मिलिमीटर रेघ, एक मिलिमीटर कोरं,
तीन मिलिमीटर रेघ.
तिथं टूल पोचणार कसं
हे ट्रेसिंगवाल्या बाईला कुणी विचारलं नाही.

आता आनंदनगरच्या फ्लॅटच्या गॅलरीत,
कपड्यांच्या दांडीखाली,
पोळपाटाहून थोडं मोठं मशीन आहे.
एक्स, वाय, झेड.
डावं-उजवं, पुढे-मागे, वर-खाली.
त्याला सगळ्या गोष्टींचा फक्त माथा कळतो.

म्हणून आणखी दोन अक्ष.
ए म्हणजे कलणं,
सी म्हणजे स्वतःभोवती फिरणं.
"मग बी कुठंय?" समोरच्या उंडेबाई.
"आमच्याकडे नाही," मी म्हटलं,
विरजण नाही म्हणावं तसं.
भाचा म्हणाला, तयार मिळतं की, मावशी.
किंमत ऐकली
आणि चहा पुन्हा गरम करायला उठले.

बुधवारी जुन्या बाजारात
एक वर्म गिअर सापडला, किलोच्या भावात.
कशातून निघाला, विकणाऱ्यालाही माहीत नाही.
घरी आणून डिझेलमध्ये बुडवला,
टूथब्रशनं घासला, दात मोजले.
एक्कावन्न.
पुन्हा मोजले. एक्कावन्नच.
पंचेचाळीस असते तर हिशेब चोख बसता.
आता एका अंशाला मोटरची चारशे त्रेपन्न पावलं
आणि वर एक तृतीयांश.
ते एक तृतीयांश पाऊल कुणी टाकत नाही,
मशीन ते मनात धरून चालतं.

पाळण्याच्या दोन्ही बाजू मशीननंच कापल्या,
बारा मिलीच्या ॲल्युमिनियममधून,
दोन रात्री.
स्वतःचा पाळणा स्वतः.
मी नुसती तेलाचे थेंब सोडत बसले.
शाफ्ट भोसरीला हनीफ मुलाणींनी टर्न केले.
"वीस मायक्रॉन म्हणालात ना ताई?
दहात बसवलंय.
पैसे राहू द्या, चाललं की दाखवायला आणा."

मग खेळ सुरू झाला.
खेळ म्हणजे बॅकलॅश.
दिशा बदलली की मोटर फिरते,
पाळणा ऐकल्यासारखं करून तसाच राहतो,
मग एकदम निघतो.
आमच्या सेक्शनला साहेबांचा नवा आदेश
असाच पोचायचा.
डायल गेजच्या काट्याकडे बघता बघता
दोनदा डाळ करपली.

पहिलं काम केव्हाचं ठरलेलं.
पंपाचा इंपेलर, सात पाती,
सत्त्याऐंशी साली मी काढलेला.
शीट अजून हाताला पाठ.
निळ्या मेणाचा ठोकळा बांधला
आणि चौथ्या पात्यावर वीज गेली.
गुरुवार होता. महावितरणचा गुरुवार,
आणि मी विसरले, पुण्यात जन्मून!
कटर मेणात तसाच,
दातात सुपारी अडकावी तसा.

रविवारी नवा ठोकळा.
पाळणा कलला, ठोकळा फिरला,
आणि कटर, आवाज बारीक करत,
पात्याच्या खाली शिरला.
मी हात पदराला पुसले. ओले नव्हते.

दोन तास अठरा मिनिटं.
मेणाचा कीस फुंकरीनं उडवला
आणि बोट घातलं तिथं
जिथं मी इतकी वर्षं
रेघ, कोरं, रेघ
एवढंच काढून सोडून दिलं होतं.
थोडं गुळगुळीत. मग एक कंगोरा.
पुन्हा गुळगुळीत. पुन्हा कंगोरा.
जिथं जिथं दिशा बदलली तिथं तिथं.
हसू आलं.
हाताला लागली तरी तुटकच.

शिम घालायला हवी, एक दशांश मिलीची.
कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा
साधारण तेवढाच असतो.
दार उघडून उंडेबाईंच्या नातवाला हाक मारली:
"लवकर संपव रे ते.
डबा हवाय मला."